अंगावर घेतलेलं दुखणं

भाग्यलक्ष्मीला आमच्या गल्लीत कुणी पूर्ण नावानं हाक मारली नाही. लहान-थोर सगळ्यांची ती भागाक्का. वडगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. त्यांच्या पुढच्या सोप्यात दोन यंत्रमाग. ते चालू झाले की माझ्या फळीवरची भांडी थरथरायची. तिचा नवरा परसू मागावर साड्या विणायचा आणि ती मागच्या पडवीत कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं तेच काम. मुलगा शिवराज पुण्याला नोकरीला. घरात ही दोघंच.

दुसऱ्याचं दुखणं बघवत नाही असं पुष्कळांच्या बाबतीत म्हणतात. भागाक्काचं तसं नव्हतं. ती दुखणं बघायची, आणि मग ते मागायची. आम्ही सगळ्याच बायका लेकराच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडतो, तुझी इडापीडा माझ्यावर येऊ दे म्हणतो. म्हणायची रीत म्हणून म्हणतो. भागाक्का खरोखरीच मागायची. माझं पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं माझ्यासाठी मंगळवार धरले होते. मला ते दुसऱ्याच बाईकडून कळलं. विचारलं तर म्हणाली, "तुमाला सांगून काय करू आक्का? तुमाला का देवीशी बोलायचं हुतं?"

परसूला मागावरच कळ आली. धोटा अडकला म्हणून वाकला तो तसाच खाली बसला. दवाखान्यात नेलं, रक्तवाहिनीत स्टेंट घातला, माणूस वाचला. शिवराज रजा काढून आला होता. पुण्याला परत जाताना त्यानं बापाच्या मनगटावर एक घड्याळ बांधलं.

"आप्पा, हे काढायचं न्हाय. तुमचा ठोका, झोप, चालणं, सगळं माझ्या मोबाईलात येतंय. तुमी हितं, पण माझ्या खिशातच हाईसा समजा."

पोराचा जीव तुटत होता, म्हणून त्यानं केलं. त्याला नावं ठेवायला जागा नाही.

पण त्या घड्याळानं परसूचा कबजा घेतला. चहा प्यायला की बघ, अंगणात जाऊन आला की बघ. बघितलं की भीतीनं ठोका वाढायचा, वाढला म्हणून आणखी भीती, आणि मग आणखी बघायचं. मागाला हात लावेना. खुर्चीत बसून मनगट मांडीवर ठेवायचा, मांडीवर दुसऱ्याचं मूल असल्यासारखं. पलीकडच्या गल्लीतला भरमू, तोही विणकरच, येता-जाता दारातून विचारायचा, "परसूअण्णा, आज कितीवर उघडलाईस? सोनं बी एवढं चढंना झालंय." बाकीचे हसायचे. परसू खाली बघायचा.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. कानडीच्या हेलात मराठी बोलायच्या. त्यांनी त्याला सांगितलं, "कागद सगळे चांगले आहेत. हृदय बरं झालंय, तुम्हीच अजून बरे झाला नाही. हळूहळू कामाला लागा." तो हो म्हणाला आणि घरी येऊन परत खुर्चीत बसला. रात्री अंगावरचं पांघरूण बाजूला करून घड्याळ बघतो, असं भागाक्का म्हणाली. ठोका थांबला तर आपल्याला आधी कळायला पाहिजे, असं त्याला वाटायचं.

एक दिवस तो आंघोळीला गेला. घड्याळ काढून कोनाड्यात ठेवलं होतं. बाहेर येऊन बघतो तर ते भागाक्काच्या हातात, हिरव्या बांगड्यांच्या मागं चढवलेलं.

"आन ते हिकडं."

"आता तुमचं मी सांभाळते."

"शिवराजला कळलं म्हंजे?"

"त्येला ठोकं दिसल्याशी मतलब. कुणाचं हाईत ते इचारतोय व्हय त्यो?"

परसू हसला. किती दिवसांनी हसला. मी त्यांच्या उंबऱ्यात बसून पालेभाजी निवडत होते. मला वाटलं, बाईनं बरोब्बर औषध काढलं. आणि ते लागूही पडलं. आकडा डोळ्यापुढून गेला तसा परसू जेवायला लागला, झोपायला लागला. एके सकाळी माझ्या फळीवरची भांडी परत थरथरली. आधी एक माग, मग दोन्ही. पुण्याहून शिवराजचा फोन आला की भागाक्काच बोलायची, कारण मागाच्या आवाजात परसूला फोन ऐकू यायचा नाही. "आई, आप्पांचं एकदम झकास चाललंय," तो म्हणायचा. ती म्हणायची, "व्हय बाबा, झकास."

पुढं श्रावणात एके दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात आली. हातात नारळाचा तुकडा. तोंड असं उजळलेलं की मला वाटलं, शिवराजचं लग्न ठरलं.

"आक्का, पदरात पडलं माझ्या," ती म्हणाली.

काय पडलं ते तिनं सांगितलं. काही दिवसांपूर्वी शिवराजचा फोन आला होता, घाबरलेला. आप्पांचे ठोके चुकायलेत, मोबाईल सारखा इशारा देतोय, त्यांना आजच दवाखान्यात ने. ती परसूला काही न बोलता, नेहमीच्या तपासणीला म्हणून घेऊन गेली. हृदयाचा कागद काढला. सरळ आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उत्तम आहे. तिनं शिवराजला तसं कळवलं. तोही म्हणाला, कधी कधी ही घड्याळं चुकीचं दाखवतात म्हणे.

"आनि माझ्या छातीत बघा," ती म्हणाली. तिनं माझा हात धरून आपल्या मनगटावर ठेवला.

मी काही डॉक्टर नाही. पण नाडी कशी चालते एवढं कुणालाही कळतं. तिची चालत नव्हती. धावायची, अडखळायची, गप्प व्हायची, परत धावायची.

"कोंबडी धरल्यावर फडफडती तशी फडफडती," ती म्हणाली. "दम बी लागतोय. त्येंचं गेलं आक्का. माझ्यात आलं. मागितलं हुतं, दिलं तिनं."

मी तिला खाली बसवलं. म्हटलं, "अगं, हे तुझंच दुखणं आहे. पहिल्यापासनं असेल. घड्याळानं नुसतं दाखवलं."

"आदी न्हवतं."

"आधी कधी बघितलं होतंस?"

ती शहाण्या माणसानं लेकराला समजवावं तसं मला समजवायला लागली. "त्येंचा कागद सरळ आला का न्हाय? आला. माझं बिघडलं का न्हाय? बिघडलं. आता मी औषीद घिऊन हे घालवलं तर ते जाईल कुठं? त्येंच्याकडंच की."

मी रोज सांजवात लावते. गुरुवारी पोथी वाचते. देवावर माझा भरवसा तिच्यापेक्षा कमी नाही, निदान कमी असू नये असं मला वाटतं. मी म्हटलं, "देवी असा अदलाबदलीचा सौदा करत नाही गं. ती आई आहे. एकाचं काढून दुसऱ्याला द्यायला ती काय सावकार आहे?"

"तुमच्याशी निराळं बोलत असंल," ती म्हणाली. वर परत, "त्येंना सांगायचं न्हाय. माझी आण हाय तुमाला."

ती आण मी त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत मोडली. त्याचं मला अजून वाईट वाटत नाही.

परसूनं ऐकलं आणि दोन्ही माग बंद केले. आवाज थांबल्यावर तो पहिल्यांदा जे बोलला ते असं: "म्हंजे मी रोज गाणी म्हणत माग चालवायलोय आनि ही आत मरायला बसलीया." मग पडवीत गेला. मी मागं होते. भागाक्का कांड्या भरत होती.

"भागे, माझं मला परत दे."

"दिल्यालं परत घेत न्हाईत," ती म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आपण बाजारात चांगला माल घेतलाय आणि शेजारीण त्याला नावं ठेवतेय, तसं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिचा कागद काढला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा बघितला. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतोय, म्हणाल्या. तिथं रक्त साचतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली तर अर्धं अंग जातं. रक्त पातळ ठेवायची गोळी चुकवायची नाही. "बरं झालं वेळेवर कळलं," असं म्हणून त्यांनी तिचा हात हातात घेतला. "भागाक्का, दुखणं असं एकातनं दुसऱ्यात जात नाही. तुमचं तुमचं आहे, त्यांचं त्यांचं होतं."

भागाक्कानं मान हलवली. तलाठ्याच्या कचेरीत हलवतात तशी.

घरी आल्यावर गोळ्या तिनं देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवल्या. म्हणाली, कौल लावल्याबिगर घेणार न्हाय. देवीनं दिलंय, तर सोडू का नको ते तिलाच विचारायला पाहिजे.

तिचं माहेर कडोलीच्या पलीकडं. गावदेवीच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना गुरव ओली पाकळी चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथली माणसं असं विचारूनच लग्नं ठरवतात, विहिरी खणतात. कौल फक्त मंगळवारी.

आदल्या दिवशी परसू आणि मी गुपचूप तिथं जाऊन आलो. भावकू गुरव म्हातारा, देवळाच्या पायरीवर फुलं निवडत बसला होता. परसूनं सगळं सांगितलं. मग म्हणाला, "उजवीला जरा पानी कमी लावा मामा. पडू दे."

भावकूनं फुलांतून मान वर केली. "तुझ्या बायकोनं गोळी घ्यावी असं मलाबी वाटतंय. मी सोता साखरंची गोळी घेतोय. पन हे माझ्याच्यानं हुनार न्हाय. एकदा माझ्या हातानं पाडली, मग गावात कुनाची कवा पडली ते मला तरी कसं कळावं?"

"ती मरंल की मामा."

"तिला तसं सांग. मीबी सांगतो."

आणि त्यानं सांगितलंही. मंगळवारी ती ओलेत्यानं बसली तेव्हा पाकळ्या लावायच्या आधी म्हणाला, "पोरी, औषीद घेतल्यानं देवी कोपत न्हाय." ती म्हणाली, "तीच सांगू दे की." भावकूनं दोन्हीकडं पाकळी लावली, गाऱ्हाणं घातलं. आम्ही बघत बसलो. बाहेर आभाळ भरलेलं, हवा अगदी पडलेली. गाभाऱ्यात इतका ओलावा की भिंतींना पाणी सुटलेलं. पाकळ्या दगडाला घट्ट चिकटल्या. उजवी हलली नाही, डावी हलली नाही. समईत दोनदा तेल घातलं. परसू मनगटं चोळत होता. शेवटी भावकूनं दोन्ही पाकळ्या हातानं काढल्या आणि ताटात ठेवल्या.

"आज बोलत न्हाय ती. म्होरच्या मंगळवारी या."

मी मनात म्हटलं, आई, एवढं तरी करायचं होतंस. हो म्हण, नाही म्हण. अशी गप्प बसलीस तर तुझ्या नावावर जगणाऱ्या बाईनं काय करायचं?

येताना बसमध्ये परसू तिच्याशी बोलला नाही. तीच म्हणाली, "आठ दिसानं काय हुतंय?"

त्या आठवड्यात त्यानं काय काय केलं. शिवराजला फोन लावून दिला. तो फोनवर रडला, तिनं त्याचीच समजूत घातली. डॉक्टरीणबाई एकदा स्वतः गल्लीत येऊन गेल्या. एका सकाळी परसूनं गोळी कुटून तिच्या चहात घातली. तिनं एक घोट घेतला, कप खाली ठेवला. त्यानंतर चहा स्वतःच्या हातानं करून घ्यायची, आणि त्याचाही त्याला नेऊन द्यायची. मला म्हणाली, "मंगळवारी हो म्हनाली तर दोन दोन खाईन." तिला मरायचं नव्हतं, हे मी मुद्दाम लिहिते. तिला शिवराजचं लग्न बघायचं होतं. तिच्या हिशेबात फक्त परसूचं नाव पहिलं होतं.

रविवारी सकाळी मला आवाज वेगळा वाटला. माग चालू होते, पण पडवीतलं कांड्यांचं मशीन एकसुरी घरघरत होतं, मधे थांबायचं ते थांबत नव्हतं. मी मागच्या दारानं गेले. भागाक्का भिंतीला टेकून बसलेली. उजवा हात मांडीवरून खाली लोंबत होता. तोंड वाकडं झालेलं. पुढं कांडीवर सूत चढतच होतं, चढतच होतं, कांडी मुठीएवढी होऊन सूत बाजूनं ढासळून खाली पसरलं होतं. ती डोळ्यांनी तिकडं बघत होती. सूत वाया चाललंय, मशीन बंद करा, हे तिला सांगायचं होतं बहुतेक. तोंडातून नुसता घोगरा आवाज आला.

दवाखान्यात जीव वाचवला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. शिवराज रातोरात आला. दवाखान्याच्या बाकावर बसून मोबाईलात मागचं सगळं बघत होता, बोटानं वर सरकवत, वर सरकवत. घड्याळ आल्यापासूनचं सगळं तिथं होतं.

"हे बघा आक्का," तो म्हणाला. "हितनं बिघडलंय. मी रोज बघत होतो. आप्पांचं म्हणून बघत होतो. आई कशी हाय, हे मी एकदाबी इचारलं न्हाय."

आईला विचारायचं असतं हे पोरांना कोण शिकवतं? आम्हीही शिकवत नाही. आम्ही फोनवर बापाचंच सांगत बसतो.

तिला घरी आणलं. आता गिळता येत होतं, पेज जात होती. रक्त पातळ करायची गोळी रोज द्यायचीच, नाहीतर असाच दुसरा झटका येईल आणि त्यात ती राहणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं. पहिल्या दिवशी परसूनं गोळी तिच्या ओठाशी नेली. तिनं दात आवळले. पेज घ्यायची, पाणी घ्यायची, गोळी दिसली की दातखीळ. शिवराजनं पाय धरले. मी हात जोडले. पेजेत मिसळली तर तीही जिभेनं बाहेर ढकलायची. डाव्या हाताची बोटं परसूच्या छातीकडं करायची आणि मान हलवायची. तिला काय म्हणायचंय ते आम्हाला न बोलता कळत होतं. अर्धं अंग गेलं तरी सौदा मोडायला ती तयार नव्हती. उलट आता तर तिला पक्कं वाटत होतं, कारण ती अंथरुणावर पडली होती आणि तो उभा होता.

असे काही दिवस गेले. मग एक दिवस परसू सकाळी कुठंतरी गेला आणि उन्हं चढल्यावर आला. चप्पल काढली, तिच्या अंथरुणाशी बसला. मी तिचं तोंड पुसत होते.

"भागे," तो म्हणाला, "माझं परत आलं गं. डाक्टरीनबाईकडनंच आलोय. ठोकं चुकायलेत म्हनाल्या. लई चुकायलेत." आणि त्यानं छातीवर हात ठेवला.

ती त्याच्याकडं बघत राहिली. तिचे डोळे तेवढे पहिल्यासारखे होते. ते त्याच्या तोंडावर फिरले, छातीवरच्या हातावर फिरले, परत तोंडावर आले. मग भरले, आणि दोन्हीकडून वाहायला लागले. तिनं हळूहळू तोंड उघडलं.

परसूनं गोळी ठेवली. मी पाण्याचा घोट दिला. तिनं गिळली.

त्याची तब्येत उत्तम होती, अजून आहे. त्या दिवशी तो दवाखान्यात गेलाच नव्हता. नदीकडं जाऊन बसला होता, असं मला मागाहून म्हणाला. देवाच्या दारी हे खोटं कसं मोजलं जाईल मला माहीत नाही. जन्मात तिनं एक गोष्ट मागून मिळवली होती, असं ती समजत होती. ती त्यानं तिच्याकडून काढून घेतली, तिचा जीव राहावा म्हणून. आता ती रोज गोळी घेते. उजव्या पायात थोडा जोर आलाय. पण पहिल्यासारखी बघत नाही. भिंतीकडं तोंड करून पडते.

त्यांचे माग बंद आहेत. छातीचं दुखणं परत आलेला माणूस घरात माग चालवणार कसा, तिला ऐकू जाईल. म्हणून परसू पलीकडच्या गल्लीत भरमूच्या मागावर पाळीला जातो. घरातून निघताना दवाखान्याची पिशवी हातात घेतो, आणि तो येईपर्यंत मी तिच्याजवळ बसते. काम सुटलं की आधी माझ्या मागच्या दाराशी येतो. केसांतली, भुवयांवरची सुताची पिसं झटकतो, तोंड धुतो, कानामागं बोट फिरवून बघतो. मग पिशवी उचलतो आणि कमरेत जरा वाकून, एक एक पाऊल टाकत, दम लागल्यासारखा आपल्या घरात शिरतो.